व्हरमाँटमधलं गुऱ्हाळ

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे जो तो थर्मामीटरवर डोळे लावून बसतो. रात्री पाणी गोठायला हवं आणि दुपारी बर्फ वितळायला हवा. हे जुळलं तरच मेपलच्या झाडांना रस सुटतो. साडेसहा लाखांच्या आसपास वस्तीचं हे एवढंसं राज्य, पण अमेरिकेतलं निम्म्याच्या आसपास मेपल सिरप इथलंच. गेले सहा हंगाम मी शेजारच्या आजोबांच्या शुगरहाउसमध्ये, म्हणजे रस आटवायच्या खोपीत, भट्टीला लाकडं घालायला जाते.

माझं माहेर कागलजवळचं, घरचं गुऱ्हाळ होतं. त्यामुळे पहिल्यांदा त्या लाकडी खोपीत शिरले तेव्हा दारातच थबकले. खाली धगधगती भट्टी, वर पसरट काहील आणि छपराच्या उघड्या झडपांमधून बाहेर पडणारा वाफेचा लोट. वास मात्र वेगळा, काहीसा व्हॅनिलासारखा.

हा रस दिसायला पाणीच. साखर जेमतेम 2 टक्के. 40 गॅलन आटवावा तेव्हा 1 गॅलन सिरप हाती येतं. माहेरी आबांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "मग जळण परवडतं कसं गं?" गुऱ्हाळवालाच हे विचारणार! मोठे उत्पादक आधी यंत्राने बरंचसं पाणी काढून घेतात. आजोबा अजून सगळं लाकडावरच आटवतात, म्हणून रात्रीचे अकरा वाजतात.

फेस उतू जायला लागला की ते लोण्याचा बोटभर तुकडा टाकतात आणि फेस झटकन बसतो. आमचा गुळव्या तेलाचा थेंब सोडायचा. आजोबांना ते सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ मला आमच्या चुलवाणाबद्दल विचारत राहिले.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी इथे गावसभा भरते. गावाचं अंदाजपत्रक लोक समोरासमोर बसून मंजूर करतात. नागरिकत्व मिळाल्यामुळे यंदा मीही हात वर केला. हात खाली घेताना थरथरत होता. तिथून थेट शुगरहाउस गाठलं, कारण दुपारी रसाच्या बादल्या भरल्या होत्या.

रात्री आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ. आजोबांनी पसरट पळी पाकात बुडवून आडवी धरली. थेंब सुटे सुटे गळले तर पाक कच्चा, एकमेकांना धरून पडद्यासारखे ओघळले तर तयार. त्यांनी मान डोलावली. आबा मात्र फोनच्या पडद्यावर आणखी पुढे झुकले.

"थांबव त्यांना. अजून झालं नाही."

मी आजोबांना सांगितलं. त्यांनी पाकाचा दाटपणा मोजायचा हायड्रोमीटर त्यात सोडला. त्यावरची तांबडी रेघ पाकात बुडालेली, म्हणजे अजून पातळच. आजोबांनी फोनकडे बघून टोपी काढली आणि मला म्हणाले, "आणखी दोन लाकडं घाल."