शस्त्र आणि ते हाताळणारा माणूस
आज सायंकाळी गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. जवळच बंदोबस्तावर असलेल्या शिपायाच्या हातात लाठीच होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ओंबळे यांनी, जवळ केवळ लाठी असताना, कसाबच्या एके-४७ ची नळी घट्ट धरून गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणूनच तो जिवंत सापडला. या शौर्यापुढे मान झुकते, पण अशा प्रसंगी पोलिसाला लाठीनिशी उभे करणे मला मुळीच मान्य नाही.

तरीही प्रत्येक शिपायाच्या कमरेला पिस्तूल हवे, असे मी म्हणणार नाही. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्याच जवानाने सरकारी बंदुकीने वरिष्ठ सहकाऱ्याचा आणि तीन प्रवाशांचा जीव घेतला. शस्त्र सोपवण्याआधी नेमबाजीचा सराव, पुरेशी विश्रांती आणि मानसिक तपासणी व्हायलाच हवी.

खासगी परवानाधारकांनाही हीच शिस्त लागू व्हावी. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे योग्यच झाले. मात्र पिस्तूल रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कपाटात ठेवली जातात की नाही, हे परवान्याच्या नूतनीकरणावेळी घरी जाऊन प्रत्यक्ष पाहिले पाहिजे.