तुम्ही विचारलंत म्हणून: गेम फुकट आहे ना, मग लायसन्सवर पाच महिने कसले?

गेम फुकट डाऊनलोड होतो, सोर्स म्हणजे त्याचा मूळ कोड समोर पडलाय, मग डेबियनमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या लिनक्सच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, टाकायला एवढा वेळ का लागला, हे ऑफिसात विचारतात, घरी विचारतात, परवा भाचीनेही विचारलं. दर वेळी अर्धवट काहीतरी सांगतो, आज नीट लिहितो.

फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत, एवढंच. मुक्त म्हणजे मी तो बदलू शकतो, बदललेला दुसऱ्याला देऊ शकतो, डिस्कवर टाकून विकूही शकतो, आणि ज्याच्या हातात जाईल त्यालाही हे सगळे हक्क न मागता मिळतात. डेबियनने १९९७ मध्येच हे नियम लिहून ठेवलेत, आणि मेन या मुख्य विभागात फक्त त्यात बसणारं येतं. जे बसत नाही ते नॉन-फ्रीमध्ये, आणि जे स्वतः मुक्त आहे पण नॉन-फ्रीवाचून चालत नाही ते कॉन्ट्रिबमध्ये.

गेमचा त्रास असा की कोड एकाचा, चित्रं दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचे आणि फॉन्ट कुठून आला कुणालाच आठवत नाही. डूम या जुन्या गोळीबाराच्या गेमचंच बघा, कोड १९९७ मध्ये बाहेर आला, १९९९ मध्ये जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आला, पण लेव्हल, राक्षसांची चित्रं, आवाज कंपनीचेच राहिले, म्हणून लोकांनी फ्रीडूम नावाने ते सगळं नव्याने बनवायला घेतलं. ट्रान्सपोर्ट टायकून या जुन्या गेमवरून केलेल्या ओपनटीटीडीचंही तेच, कोड मुक्त पण चित्रं त्या मूळ गेमची लागायची. मग ओपनजीएफएक्स नावाचा नव्या चित्रांचा संच आला, पण सोबतच्या ओपनएसएफएक्स या आवाजांच्या संचाच्या लायसन्समध्ये जाहिरातीत वापरायला मनाई होती, ते बदलायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

मी डेबियनमध्ये टाकत होतो तो दुसऱ्याने लिहिलेला गेम छोटा, गोट्यांचं कोडं. कोड जीपीएल, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं, ते एका संध्याकाळी उरकलं. आवाजांच्या फाइली तेवीस, आणि रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीत, एकच ओळ, आवाज इंटरनेटवरून घेतलेत, फ्री आहेत. म्हटलं बघू तरी, एकेक फाइल ओजीजीइन्फो या आवाजाच्या फाइलीतली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली तर नऊ फाइलींच्या आत ज्याने रेकॉर्ड केलं त्याचं नाव तसंच राहिलेलं, त्यावरून मूळ पान सापडलं, सहा सीसी झिरो, म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेल्या, निघाल्या आणि तीन नॉन-कमर्शियल, म्हणजे धंद्यासाठी वापरायला मनाई असलेल्या. आता लोक म्हणतात नॉन-कमर्शियलने काय बिघडतं, आपण कुठे विकतोय. आपण नाही विकत, पण डेबियनच्या डिस्क विकणारे आहेत, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून त्यावर लिनक्स घालून विकणारे दुकानदार आहेत, त्यांना आपण नकळत अडचणीत टाकतो, आणि कुठल्याही कामासाठी वापरायला आडकाठी नको हा नियमच आहे.

उरलेल्या चौदांचं गिट लॉगमध्ये, म्हणजे गेममध्ये कुणी कधी काय बदललं त्या नोंदींत, शोधलं. पाच मूळ लेखकाने घातलेल्या, नऊ २०११ मध्ये कुणा मुलाने एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत.

लेखकाला मेल केली. माणूस फार चांगला, लगेच उत्तर, डेबियनसाठी माझी परवानगी आहे, खुशाल टाका. आणि नेमकं हेच चालत नाही! लायसन्स फक्त डेबियनपुरतं असता कामा नये हा आठवा नियम, कारण डेबियनवरून उबुंटू बनतं, अशा आणखी कितीतरी सिस्टिम बनतात, त्यांचं काय? दुसऱ्या मेलमध्ये मी नियम समजावत बसलो नाही, फाइलींची यादी दिली, खाली तयार वाक्य दिलं की या फाइली माझ्या आहेत आणि मी त्या सीसी बाय-एसए ४.० या मुक्त लायसन्सखाली देतो, आणि म्हटलं पटत असेल तर हे रेपोमध्ये, म्हणजे गेमच्या कोडच्या साठ्यात, कमिट करा. दोन दिवसांत झालं. तेव्हापासून मी कुणालाही नुसतं लायसन्स स्पष्ट करा असं लिहीत नाही, वाक्यच लिहून देतो.

फॉन्टवर लिहिलेलं फक्त वैयक्तिक वापरासाठी. तो काढून मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' घातला, तो ओपन फॉन्ट लायसन्स या फॉन्टच्या मुक्त लायसन्सखाली आहे, आणि मराठी मेनूही नीट दिसायला लागला.

त्या मुलाचा पत्ता मात्र बंद, मेल परत आली. कोण बघतंय, राहू दे, असं दोघांनी सुचवलं. मला ते मान्य नाही. उत्तर आलं नाही म्हणजे होकार होत नाही, आवाज त्याचे आहेत किंवा त्याने आणखी कुणाचे घेतलेत, ते वाटायचा हक्क मला कुणी दिलेला नाही.

म्हणून ते नऊ आणि नॉन-कमर्शियलचे तीन, असे बारा आवाज नव्याने केले. दोन रविवार, रात्री पंखा बंद करून, फोन ओट्यावर ठेवून. स्टीलच्या वाटीत काचेची गोटी टाकली तो खड्ड्यात पडल्याचा आवाज, ताटाच्या कडेवर चमचा तो लेव्हल संपल्याचा, घरंगळण्यासाठी पाट तिरका धरला. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कापले, सीसी झिरो केले आणि आधी मूळ गेममध्येच पाठवले, म्हणजे पुढच्या आवृत्तीत कुणाला टारबॉलमधून, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्यातून, फाइली काढून परत बांधत बसायला नको.

त्या मुलाच्या नऊ फाइली मी वेगळ्या ठेवल्यात. कधी त्याचं उत्तर आलं आणि त्या त्याच्याच निघाल्या तर परत घालायच्या आहेत, त्याचा गोटी घरंगळण्याचा आवाज पाटावरच्या आवाजापेक्षा खूप गोड आहे.