यारीवाल्याला हाक मारणारा नट

प्राचीन ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या सुखात्मिकांवर लिहिणारे बहुधा राजकीय उपहास आणि अश्लील विनोद यांपाशीच रेंगाळतात. माझ्या मते ही नाटके आधी रंगमंचाच्या अंगाने तपासावीत, कारण त्यांतला बराचसा विनोद रंगयंत्रांची उघडउघड टर उडवण्यातून येतो.

‘शांती’ (इ. स. पू. 421) या नाटकात ट्रायगिअस हा द्राक्षमळेवाला भल्याथोरल्या शेणकिड्यावर स्वार होऊन देवांचा राजा झ्यूस याला जाब विचारायला निघतो. हे शोकात्मिकाकार युरिपिडीसच्या ‘बेलेरोफोन’ या नाटकाचे विडंबन; त्यातला नायक बेलेरोफोन मात्र पंख असलेल्या घोड्यावरून उडाला होता. शोकात्मिकेत यारी, म्हणजे नटाला दोराने हवेत उचलणारे यंत्र, दिसत असूनही प्रेक्षकाने ती न दिसल्यासारखे करायचे असते. इथे मात्र अधांतरी लोंबकळणारा नट यारी चालवणाऱ्यालाच विनवतो की बाबा रे, माझ्याकडे नीट लक्ष दे, पोटात कळ येऊ लागली आहे, नाहीतर या किड्याला खाद्य माझ्याकडूनच मिळेल! ‘अकार्नियन्स’मध्ये (इ. स. पू. 425) तऱ्हा तीच, फक्त यंत्र वेगळे. शोकात्मिकेत घरातले दृश्य, अनेकदा मृतदेह, ज्या चाकांच्या फळीवरून बाहेर आणत, तिच्यावरून इथे खुद्द युरिपिडीस बाहेर येतो. खाली उतरायला मला सवड नाही, असे बजावूनच.

परीक्षण करताना एक पथ्य पाळावे लागते. जुन्या हस्तलिखितांत रंगसूचना जवळजवळ नाहीतच. भाषांतरांत कंसात छापलेल्या सूचना संपादकांनी संवादांवरून बांधलेले अंदाज असतात. ॲरिस्टोफेनीसच्याच ‘मेघ’ या नाटकातला सॉक्रेटिस अधांतरी असल्याचे संहितेतून कळते, पण त्याला यारीलाच टांगले होते, हे आपण तर्काने म्हणतो. (तर्क पटण्याजोगा आहे, ही गोष्ट निराळी.)

म्हणूनच काळोख्या प्रेक्षागृहातले गुळगुळीत, यांत्रिक सफाईचे प्रयोग मला खटकतात. ‘बेडूक’मध्ये (इ. स. पू. 405) पाताळात घाबरलेला नाट्यदेव डायोनिसस प्रेक्षकांत बसलेल्या आपल्याच पुजाऱ्याला ‘मला वाचव’ म्हणून साकडे घालतो. दिवसाउजेडी चाललेल्या त्या प्रयोगात पुजाऱ्याचा चेहरा साऱ्यांना दिसत असणार. काळोखात नट कोणाकडे बघून बोलणार? दिग्दर्शकाने निदान या प्रवेशापुरते तरी प्रेक्षागृहातले दिवे लावावेत, आणि ‘शांती’ करताना दोर लपवण्यावर खर्च करू नये.