तर्री चार बोटांवर

गेल्या वर्षी आमच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर केलं होतं. त्यातली दोन मिनिटं कापून ओसू मेनिया या तालावर कळा दाबायच्या गेमसाठी चार्ट, म्हणजे कुठली कळ कधी दाबायची याचा आराखडा, करायला बसले. कळा चार: डी, एफ, जे, के. हिशोब सोपा वाटला. ढोल डाव्या हाताला, ताशा उजव्या. तीन वर्षं ताशा वाजवलाय, मला कोण काय सांगणार!

पहिलं भांडण टायमिंगशी. स्टुडिओतल्या गाण्याला बहुतेकदा एक बीपीएम (मिनिटाला किती ठोके), एक ऑफसेट (पहिला ठोका कुठे पडतो) टाकला की झालं. पथक रंगात आलं की पळतं. आमचं १४० ला सुरू होऊन १५० पर्यंत गेलं होतं, त्यामुळे जागोजागी नवा टायमिंग पॉइंट, म्हणजे एडिटरमधली लाल रेघ. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. जाऊ दे.

१५० ला एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले की दर १०० मिलिसेकंदांना एक नोट, म्हणजे कळ दाबायची एक खूण. तर्रीत, म्हणजे ताशाच्या सलग कडकडाटात, काड्या त्याहून दाट पडतात. मी प्लेबॅक २५ टक्क्यांवर आणला, कान लावला आणि जेवढ्या काड्या ऐकू आल्या तेवढ्या नोट्स जे-केवर ठोकून दिल्या. स्क्रीनवर दिसायला तर झकास!

मावसभावाला खेळायला दिलं. विसाव्या सेकंदाला हात झटकत म्हणाला, "ताई, ताशा वाजवायचाय की टायपिंगची परीक्षा आहे?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ताशावर काडी उसळते. मनगटाच्या एका झटक्यात दोन-तीन ठोके फुकट मिळतात. कीबोर्डची कळ असलं काही देत नाही, प्रत्येक नोट बोटाला स्वतः कमवावी लागते. मी कानाशी इमान राखलं होतं, हाताचा विचारच केला नव्हता.

मग सगळं पुसलं. लांब तर्रीला एकच होल्ड, धरून ठेवायची नोट. तिच्यातले जोरकस ठोके तेवढे बाकीच्या बोटांवर. उरलेला ताशा चारही कळांवर पसरला. ढोलाच्या ठोक्याला दोन कळा एकदम. इथेच एक बारीक गोम आहे: ढोलाला डी आणि जे दिले, तर लगेच पुढची नोट एफ किंवा के हवी. चुकून जे पडली, तर तेच बोट १०० मिलिसेकंदांत पुन्हा आपटायचं, म्हणजे नको तिथे जॅक. माझ्या पहिल्या चार्टमध्ये असे सतरा निघाले. एकेक शोधून हलवले.

शेवटाआधी पथक एक ठोका गप्प राहतं. तिथे मी काहीच ठेवलं नाही. मावसभाऊ अजून दर वेळी तिथे एक कळ दाबतोच, आणि वर माझ्याकडेच बघतो.