आमची वाटचाल : रव्याचं ताट आणि भिंतीवरच्या खुंट्या

२०१७ च्या जूनमध्ये सांगलीत विश्रामबागला भाड्याच्या एका खोलीत, अभ्यासात अडखळणाऱ्या पोरांच्या आमच्या या वर्गाची सुरुवात केली तेव्हा बोर्डावर नुसतं 'पहिली ते चौथी, अभ्यासात मदत' एवढंच लिहिलेलं, त्यामुळे लोकांना वाटलं अजून एक ट्यूशन. खरं सांगू, मलाही तेच वाटत होतं. नऊ वर्षं शाळेत शिकवलेलं, म्हटलं येतंय की आपल्याला.

पहिल्याच महिन्यात तिसरीतलं एक पोरगं आलं. आई म्हणाली, "मॅडम, लक्षच देत नाही हो, फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो." मी पंधरा दिवस त्याला शुद्धलेखन घालत बसले, आता आठवलं की लाज वाटते, कारण एके दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला तो स्टुलावर चढला आणि तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. चष्मा लागला, विषय संपला. तेव्हापासून ॲडमिशनच्या आधी डोळे-कान तपासून या हा नियम. पालक चिडतात, चिडू देत.

सगळ्यांचं एवढं सोपं नसतं. एक मुलगी 'घर'चं 'धर' करायची, एकोणसत्तर सांगितलं की ७९ लिहायची, कारण तिला त्यात सत्तर ऐकू यायचे. त्रेपन्न म्हणताना तीन आधी आणि लिहिताना पाच आधी, पोरांनी करायचं काय! २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' छापलं तेव्हा लोक हसले, आमच्याकडं कुणी हसलं नाही. तिला ताटात रवा पसरून बोटानं घ काढायला लावायचो, "घराला छप्पर पूर्ण असतंय ना, मग घ वरची रेघ पण पूर्ण", ध चं छप्पर फुटकं. दिवाळीपर्यंत जमलं. डिस्लेक्सियाचं (बुद्धी चांगली असूनही लिहिण्या-वाचण्यात येणारी अडचण) सर्टिफिकेट मात्र आम्ही देत नाही, ते सरकारी हॉस्पिटलचं काम, आणि पहिलीतल्या पोराला तो शिक्का मारून घेऊन येणाऱ्यांना मी आधी चहा पाजते.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा गेली ५७ च्या वर. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या गावभागातली पोरं परत आली पण दप्तर खाली ठेवेनात, मांडीवर घेऊनच बसायची, आणि बाहेर सर आली की सगळी खिडकीत. पुस्तकं महिनाभर बंद ठेवली, मिरजेहून एका समुपदेशक ताईंना आठवड्यातून दोनदा बोलवायला लागलो (त्यांचं मानधन माझ्या पाटल्यांतून गेलं, घरी उशिरा सांगितलं) आणि भिंतीला पोरांच्या उंचीवर खुंट्या ठोकल्या, दप्तर वर अडकवायला. तेव्हा कळलं आपण नुसते क्लासवाले नाही.

कोविडमध्ये बंदच. घरमालक काकांनी अर्धं भाडं घेतलं म्हणून टिकलो. शाळा उघडल्यावर तिसरीत असलेली पण पहिली-दुसरी मोबाईलवर झालेली पोरं आली, जोडाक्षर दिसलं की गप्प, आणि तेव्हा खरी गर्दी झाली. एका शाळेसोबत वर्षाचं काम घेतलं, त्यांनी तीन महिन्यांचं बिल बुडवलं, आता निम्मे ॲडव्हान्स घेतल्याशिवाय पाय ठेवत नाही.

आज आम्ही चौघीजणी, अडतीस पोरं. गेल्या महिन्यात शेजारची मोठी जागा घेतली. सुतारमामांनी विचारलं, मॅडम त्या जुन्या खुंट्या काढून टाकू का? म्हटलं मामा, तिकडं सगळ्यात आधी त्याच लावा.