चमच्याच्या पाठीवर

परवा दुपारी चांदीची भांडी दंतमंजनाने घासत बसले होते, तेवढ्यात लंडनच्या भाचीचा फोटो आला. जुन्या बाजारातला चमचा, तोही पालथा. "मावशी, हे काय उमटवलंय गं?" भांड्यांवरची नावं वाचायची माझी खोड तिला ठाऊक आहे. पंगतीतसुद्धा मी वाटी फिरवून नाव वाचल्याशिवाय वरण वाढून घेत नाही.

फोटो मोठा केला. पाय उचलून चाललेला सिंह, म्हणजे चांदी खरी. मुकुटवाल्या बिबट्याचं तोंड, म्हणजे पारख लंडनला झाली. एक अक्षर वर्षाचं. राजाचं डोकं ही कर भरल्याची पावती, ती १७८४ च्या डिसेंबरपासून सुरू झाली. आणि या गर्दीत वळणदार 'एच' आणि 'बी', म्हणजे घडवणाऱ्याची अक्षरं. मग वाचतच बसले, मंजन वाटीवर वाळून गेलं.

हेस्टर बेटमन. नवरा जॉन साखळ्या घडवायचा. १७६० मध्ये क्षयाने गेला आणि आपली हत्यारं हिच्या नावे करून गेला. बाई पन्नाशी ओलांडलेली, लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणतात. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या सोनारांच्या संघाच्या इमारतीत, जाऊन तिने स्वतःचा ठसा नोंदवला. (आपण सराफाला "हॉलमार्क आहे ना?" असं दरडावून विचारतो, त्यातला हॉल तो हाच.) सुरुवातीची बरीच वर्षं दुसऱ्या कारागिरांची कामं करून दिली. मग चमचे, साखरेचे चिमटे, चहाच्या किटल्या. यंत्रात लाटलेला पातळ पत्रा वापरायचा, म्हणजे चांदी कमी लागते, आणि काठाला बारीक मण्यांची ओळ. मध्यमवर्गाला परवडेल असा माल! मला ही बाई इथेच आवडली. १७९० मध्ये, ऐंशीच्या पुढे, तिने कारखाना पीटर आणि जोनाथन या मुलांकडे सोपवला. जोनाथन काही महिन्यांतच गेला. मग त्याची बायको अ‍ॅन दिराबरोबर उभी राहिली आणि तिनेही ठसा नोंदवला. सासूच्या पावलावर सून.

आमच्या लहानपणी भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस वेगळा असायचा. मांडीत पातेलं, हातात छिन्नी, टुकटुक टुकटुक. अक्षरं म्हणजे नुसते ठिपके. बोट फिरवलं तर खरखरायची. "नाव काय घालू, आजी?" त्याने विचारलं की आजी गप्प. आजोबांचं नाव ती घेत नसे. मग मला कोपराने ढोसायची, "सांग गं." मी मोठ्या रुबाबात आजोबांचं नाव, आडनाव, वर तारीखही सांगायची. तो टुकटुक करायचा आणि आजी ते ठिपके नीट पडताहेत की नाही हे वाकून बघायची. वाचता येत नव्हतं तिला. पण एकदा ठिपका चुकला तेव्हा तिनेच ओळखलं होतं. काना राहिला होता.

आजीची म्हणून माझ्याकडे ही एकच वाटी उरली आहे, उष्टावणाची. मंजन पुसलं तर खाली अक्षरं निघाली, 'मामाकडून'. म्हणजे आजीच्या भावाचीही नव्हे, आईच्या भावाची. आजीची कशी म्हणत आले इतकी वर्षं, कोण जाणे.

भाचीला कळवलं, बाईचं नाव हेस्टर, कारखाना लंडनच्या 'बनहिल रो' या रस्त्यावर, १०७ नंबर. तिचं उलट उत्तर, "घेऊ का मग?"

म्हटलं, आधी भाव कर. आणि पाठीवर घासू नकोस.