लाकडी जमीन करायची तर आधी हिवाळा बघायचा

अमेरिकेत मिनेसोटात घर घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, पहिली कुरकूर कार्पेटचीच असते. पायाला उबदार लागतं हे कबूल, पण त्यात फोडणीचा वास बसतो, पोरांनी सांडलेलं वरण बसतं, आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस तर पिढीजात असल्यासारखे निघत राहतात, आणि केर काढून फडकं मारल्यावर आपल्याला जे समाधान मिळतं ना ते व्हॅक्यूम फिरवून कधीच मिळत नाही. म्हणून या वर्षी खालचा जवळजवळ अख्खा मजला लाकडी करून घेतला, हार्डवूड. पुण्या-नागपूरहून फोनवर सगळे विचारतात की एवढं काय त्यात, फरशी निवडण्यासारखंच ना, तर तसं नाहीये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

शोरूममध्ये गेलं की तो माणूस आधी रंग विचारतो. लाइट हवा की डार्क, ग्रे टोन चालेल का, हे सोफ्याशी मॅच होईल का वगैरे. आणि आपण पण त्यातच अडकतो, दोन तास नुसते रंग बघण्यात जातात. माझं स्पष्ट मत झालंय की रंग सगळ्यात शेवटी बघायचा, आधी आपण राहतो तिथला हिवाळा बघायचा. लाकूड झाड तोडल्यावरसुद्धा हवेतला दमटपणा शोषतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं, कोकणातले दरवाजे पावसाळ्यात घट्ट बसतात तेच हे. इथे जुलै-ऑगस्टमध्ये हवा चांगली दमट असते आणि जानेवारीत बाहेर उणे २० सेल्सिअस, घरात फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, दिवसभर चालू, त्यामुळे आतली हवा इतकी कोरडी की टाचा फुटतात, स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात आणि घरातली ह्युमिडिटी २० टक्क्यांवर येते. फ्लोअरिंगवाले सांगतात ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. कागदावर सोपं आहे हो, फर्नेसला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं यंत्र, लावा म्हणतात, आम्हीही लावलाय, पण बाहेर कडाक्याची थंडी असताना तो जास्त वाढवला की खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी धरतं, मग त्याचा बर्फ होतो आणि चौकटीला बुरशी. म्हणजे लाकडाला सांभाळायचं की खिडक्यांना, हा दर जानेवारीचा प्रश्न.

आता याचा निवडीशी संबंध काय, तर फळीची रुंदी. सध्या फॅशन रुंद फळ्यांची आहे, सात-सात, नऊ-नऊ इंची, फोटोत फार सुंदर दिसतात. पण ओकच्या साध्या कापाच्या पाच इंची फळीतला ओलावा चार टक्क्यांनी घटला की ती जवळपास पावणेदोन मिलिमीटर आक्रसते, आणि जुन्या घरांतून असते ती सव्वादोन इंची पट्टी त्याच हिशोबाने एक मिलिमीटरच्या आतच राहते. खोलीभरातलं एकूण आक्रसणं तेवढंच, पण अरुंद फळ्यांत ते जास्त सांध्यांत वाटलं जातं म्हणून डोळ्याला खुपत नाही. रुंद फळीत एकेका फटीत नाणं उभं राहील अशी वेळ येऊ शकते. क्वार्टर-सॉन कापाचं लाकूड, म्हणजे ओंडका असा कापतात की फळीच्या तोंडावर वर्षांच्या रेषा उभ्या येतात, ते रुंदीत साधारण निम्मंच हलतं, पण किंमत ऐकून आम्ही तो कॅटलॉग हळूच मिटला. शेवटी सव्वातीन इंची घेतली. मैत्रीण म्हणाली जुनाट दिसेल. दिसू दे.

लाकूड कुठलं यावर खरी मजा आमच्या बाबांमुळे आली. बाबा चंद्रपूरचे, त्यांच्या दृष्टीने जगात लाकूड एकच, सागवान, बाकी सगळं सरपण. "अगं आलापल्लीचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांना गेलंय आणि तू तिथलं कुठलं ओक लावतेस?" मी त्यांना जान्का समजावला. लाकूड किती कडक हे मोजायची ही रीत, ०.४४४ इंच व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत किती पौंड जोर लागतो ते बघतात. रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०, हार्ड मेपल १४५०, हिकरी १८२०, अक्रोड म्हणजे ब्लॅक वॉलनट १०१०, आणि सागवान हजाराच्या जरासं वर. फोनवर दोन मिनिटं शांतता. मग, "म्हणजे आमचं सागवान मऊ म्हणतेस तू?" मऊ नाही हो बाबा, सागाची ख्याती कडकपणाची नाहीच मुळी, त्यात तेल असतं, वाळवी लागत नाही, पाण्या-उन्हात फारसं वाकत नाही, म्हणून तर जहाजांना वापरायचे. इथल्या थंडीत वाळवीचा त्रास जवळपास नाहीच आणि सागाचा इथला भाव विचारायची सोय नाही. बाबांना ते पटलं असं ते म्हणाले, पण आवाजावरून पटलं नव्हतं.

आकडा मोठा म्हणजे चांगलं असंही नाही बरं का. हिकरी सगळ्यात कडक पण हवामानाबरोबर हलतेही जास्त, आणि तिच्या पांढऱ्या-तपकिरी पट्ट्या माझ्या डोळ्यांना सोसवत नाहीत. मेपल गुळगुळीत, बास्केटबॉलची कोर्टं त्याचीच असतात (बॉस्टनच्या सेल्टिक्स टीमचं प्रसिद्ध कोर्ट मात्र ओकचं), पण त्यावर गडद रंग चढवायला गेलं तर डागडाग उमटतात. रेड ओक स्वस्त आणि भरपूर मिळणारं, फक्त त्यात एक गुलाबी झाक असते. व्हाइट ओकची छिद्रं आतून बंद असतात, व्हिस्कीची पिंपं त्याची करतात ती म्हणूनच, पाणी सांडल्यावर ते जरा जास्त दम धरतं, आणि पोरं असलेल्या घरात पाणी सांडणारच. आमचं व्हाइट ओकवर ठरलं.

सॉलिड की इंजिनिअर्ड यावर नवऱ्याने एक्सेल शीट केली होती, ती वाचायला कोणाला वेळ होता. थोडक्यात, सॉलिड म्हणजे पाऊण इंच जाडीची अखंड फळी, पुन्हा पुन्हा घासून नवी करता येते. इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लायवूड आणि वर खऱ्या लाकडाचा दोन ते सहा मिलिमीटरचा थर, ती कमी हलते, बेसमेंटच्या, म्हणजे तळघराच्या, काँक्रीटवर चालते, पण वरचा थर पातळ असेल तर घासायची संधी एकदाच किंवा तीही नाही. बेसमेंटला सॉलिड लावूच नये असं सगळेच सांगतात, आम्ही तिथे सरळ व्हिनाइल प्लँक, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, टाकलं, त्याला लाकूड म्हणवत नाही पण नळ फुटला तरी झोप उडणार नाही.

फिनिशचा, म्हणजे लाकडावर वरून कुठलं पॉलिश द्यायचं याचा, निर्णय मात्र हळदीने केला. दुकानातून सॅम्पलचे तुकडे घरी देतात, ते ओट्याखाली ओळीने मांडले आणि प्रत्येकावर हळद कालवलेलं तेल रात्रभर ठेवलं. सकाळी पॉलियुरेथेनवालं, म्हणजे वर प्लास्टिकसारखा थर असलेलं, ओल्या फडक्याने लख्ख निघालं, हार्डवॅक्स ऑइलवाल्यावर, म्हणजे तेल-मेण मुरवलेल्यावर, पिवळा गोल राहिला तो राहिलाच, साबणाने घासला तर भोवतालचंच फिकट झालं. मग प्रत्येकावर कमरेच्या उंचीवरून भरलेला तांब्या सोडला. वॉलनटवर तांब्याच्या काठाची कोर नखाएवढी रुतली, ओकवर उजेडात वाकून बघितल्यावरच दिसली. सेल्समनला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला हे सगळ्या गिऱ्हाइकांनी करायला पाहिजे.

फॅक्टरीत फिनिश केलेल्या फळ्या लवकर बसतात, वर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा टणक थर असतो, पण बहुतेकींच्या कडा जराशा तासलेल्या असतात म्हणून दोन फळ्यांत बारीक खाच राहते. त्या खाचेत मोहरी आणि रवा अडकणार हे मला दुकानातच दिसलं. म्हणून घरी येऊन घासणारे आणि पॉलिश करणारे निवडले, पॉलियुरेथेनच, पण वॉटर-बेस्ड आणि मॅट, म्हणजे चकाकी नसलेलं. ऑइल-बेस्ड पिवळसर होत जातं, व्हाइट ओकचा मूळ रंग हवा असेल तर ते नको. या प्रकारात भुसा सगळीकडे, अगदी बंद कपाटातसुद्धा, आणि काही रात्री दुसरीकडे झोपावं लागतं, आम्ही मित्राकडे बस्तान हलवलं होतं, देवघरासकट.

कॉन्ट्रॅक्टर निवडताना एकच गोष्ट बघा, त्याच्याकडे मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र, आहे का आणि तो वापरतो का. पहिल्याने कोटेशन दिलं तेव्हा तो म्हणाला माल आला की त्याच दिवशी ठोकतो, सगळ्यात स्वस्त तोच होता. ज्याला काम दिलं त्याने गठ्ठे सोडून फळ्या घरातल्या हवेशी जुळाव्यात म्हणून खोलीत रचून ठेवल्या, मग दोन सुयांचं ते छोटं यंत्र आधी खालच्या प्लायवूडमध्ये आणि मग फळ्यांमध्ये टोचत प्रत्येक आकडा खडूने भिंतीवर लिहीत गेला. तीन इंचांपेक्षा रुंद फळीला दोन्हींत दोन टक्क्यांहून जास्त फरक नको असतो. आमचा जास्त निघाला, तर सरळ म्हणाला पुढच्या आठवड्यात येतो, आणि गेला. भिंतीकडेला फुगायला जागा सोडतात ती पण त्याने ठोकळा लावून मोजून सोडली, वरून बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, येतं त्यामुळे नंतर कळतही नाही.

गॅरेजमधून आत येतो तिथे मात्र लाकूड लावलं नाही, टाइल लावली. रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि रेती बुटांना चिकटून येते, मिठाचे पांढरे डाग पडतात आणि रेती पॉलिश पेपरसारखी घासते. चपला-बूट तिथेच काढायचे हा नियम आपल्याकडे सांगावा लागत नाही, केबलवाला आला की सांगावा लागतो.

जिना अजून कार्पेटचाच आहे. तिथे लाकूड लावायचा भाव पायरीमागे वेगळा लावतात आणि तो ऐकून नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.